संगणक अडला, तर फॉरमॅटच्या आधी काय तपासावे?

तारतम्य

घरचा संगणक मंदावला, अडकला किंवा काही केल्या सुरू होईना, की भोवतालच्या मंडळींकडून दोन सल्ले हमखास मिळतात : "एकदा बंद करून पुन्हा चालू करा" आणि "सरळ फॉरमॅट मारा", म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. पहिला सल्ला वाटतो त्यापेक्षा बराच चांगला आहे आणि दुसरा वाटतो त्यापेक्षा बराच महागात पडणारा आहे. या दोन टोकांच्या मध्ये तपासण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यातले बहुतेक काम कोणालाही घरबसल्या करता येते, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना अडचण असेल त्यांनी ती मांडावी. ज्यांना उत्तर ठाऊक असेल त्यांनी ते कारणासह द्यावे, एवढीच विनंती.

तक्रार मात्र नेमकी मांडावी. "संगणक चालत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, ही एक. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. कंपनीचे चिन्ह उमटते पण पुढे विंडोज उघडत नाही, ही तिसरी. आणि विंडोज उघडते पण त्यानंतर काहीच धड होत नाही, ही चौथी. पहिल्या अवस्थेत चार्जर, केबल आणि वीजपुरवठा पाहावा लागतो, दुसरीत रॅमची (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी आणि मॉनिटरची जोडणी, तिसरीत डिस्क किंवा विंडोजच्या फायली. चौथी अवस्था सर्वांत जास्त वेळा येते आणि तिची कारणेही सर्वांत जास्त असतात. त्रुटीचा संदेश आल्यास तो शब्दशः लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. "काहीतरी इंग्रजीत आले होते" यावरून भल्याभल्यांनाही काही सांगता येत नाही.

दुसरे पथ्य असे, की एका वेळी एकच बदल करावा आणि बदलण्यापूर्वीचे सेटिंग टिपून ठेवावे. पाच सेटिंग्ज एकदम बदलली आणि संगणक सुधारला, तर तो कशाने सुधारला ते कळत नाही; बिघडला, तर मागे कुठवर जायचे ते कळत नाही.

आता "बंद करून चालू करा" याविषयी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आली आणि बहुतेक संगणकांवर ती आधीपासूनच चालू असते. तिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद न होता डिस्कवर जतन केला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री नेमाने संगणक बंद करणाऱ्या माणसाच्या टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्राम आणि त्यांचा भार दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) 'परफॉर्मन्स'खालील 'सीपीयू' या पानावरचा 'अप टाइम', म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, कित्येक दिवसांचा आकडा दाखवतो आणि तो माणूस चक्रावतो. गाभ्यातला किंवा ड्रायव्हरमधला (विंडोजला यंत्राच्या भागांशी बोलता यावे म्हणून असलेल्या प्रोग्राममधला) गोंधळ धुऊन काढायचा असेल, तर 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' निवडावे; त्यात सगळे नव्याने सुरू होते.

निळीशाई

माझा प्रश्न चौथ्या अवस्थेतला आहे. जुना लॅपटॉप आहे, रॅम ४ जीबी, फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण त्यानंतर बराच वेळ कशावरही क्लिक केले तरी काही उघडत नाही. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले, की माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. एकाने रॅम वाढवायला सांगितली, दुसऱ्याने अँटिव्हायरस काढायला सांगितला, तिसऱ्याने अर्थातच फॉरमॅट सुचवला. खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे मला स्वतःला कसे पाहता येईल?

तारतम्य

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण घरगुती तक्रारींत हीच तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते.

लॅपटॉप अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लहानशीच खिडकी दिसली, तर 'मोअर डिटेल्स' निवडा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क अशा तीन रकान्यांच्या डोक्यावर टक्के लिहिलेले असतात. संगणक सुरळीत चालू असताना हे आकडे पाहून काहीच उपयोग नाही. रोगी तापलेला असतानाच ताप मोजावा लागतो.

सीपीयू शंभराच्या आसपास आणि बाकीचे दोन्ही रकाने शांत असतील, तर त्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा म्हणजे सर्वांत जास्त भार टाकणारा प्रोग्राम वर येईल. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्कही शंभरावर असेल, तर रॅम अपुरी पडत आहे : रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवते आणि लागेल तसे परत आणते, त्यामुळे भार डिस्कवर येतो. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क शंभरावर खिळलेली असेल, तर प्रकरण वेगळे आहे. अशा वेळी 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कचे पान उघडा आणि वाचन-लेखनाचा वेग पाहा. वेग सेकंदाला एक-दोन एमबी एवढाच असून डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली दिसत असेल आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शेकडो किंवा हजारो मिलिसेकंदांत असेल, तर एक तर डिस्कवर विखुरलेल्या बारीकसारीक कामांचा ढीग पडला आहे किंवा डिस्कची प्रकृती ढासळली आहे.

फिरत्या डिस्कची मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर न्यावे लागते. हे सगळे धरून ही डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वेगवेगळ्या जागा वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली मागते, अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक तपासू पाहतो, अपडेट शोधणारे प्रोग्राम त्यात भर घालतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने हा थांबा जवळपास नाहीसा होतो, म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावल्यावर तो नवा वाटू लागतो. तुमचे आकडे पाहिल्याशिवाय ठामपणे सांगत नाही, पण पैसे एकाच गोष्टीवर घालायचे झाल्यास फिरत्या डिस्कच्या यंत्रात मी रॅमच्या आधी एसएसडी घेईन.

त्याआधी फुकटातला उपाय करून पाहा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या पानावर संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. गप्पांची ॲप्स, खेळांचे लाँचर, कधीतरीच लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे अपडेट शोधणारे मदतनीस हे सगळे 'डिसेबल' करायला हरकत नाही. त्यामुळे प्रोग्राम काढून टाकला जात नाही, फक्त आपण उघडेपर्यंत तो गप्प राहतो. सुरक्षा, टचपॅड आणि आवाज यांच्याशी संबंधित नोंदींना मात्र हात लावू नका.

खटपट्या

एवढा खटाटोप कशाला, असे माझे प्रामाणिक मत आहे. मी दर वर्षी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो. दुपारभरात काम होते, नको असलेले सगळे निघून जाते आणि यंत्र पळू लागते. कारण शोधत बसण्यापेक्षा कारणासकट सगळेच पुसलेले काय वाईट?

जुनीवही

खटपट्या, तुमच्या फायली वेगळ्या डिस्कवर असतील, सगळे परवलीचे शब्द तुम्हाला ठाऊक असतील आणि ड्रायव्हर कुठून घ्यायचे हेही माहीत असेल, तर तुमची पद्धत तुमच्यापुरती ठीक आहे. पण निळीशाई यांच्यासारख्या प्रसंगात डिस्कच मरणपंथाला लागलेली असू शकते आणि तेव्हा फॉरमॅट करून काहीही सुधारत नाही; उलट त्या खंगलेल्या डिस्कवर आणखी लिहिण्याचे ओझे पडते. म्हणून आधी डिस्कची तब्येत पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या संशयित जागा) या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. तिथला कच्चा आकडा शून्याच्या वर असेल आणि काही दिवसांनी पुन्हा पाहता वाढलेला आढळला, तर सर्व काम बाजूला ठेवून पहिल्यांदा फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. अशा डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग मांडणे) किंवा सखोल 'चेक डिस्क' आधी चालवू नये, कारण तासन्‌तास पूर्ण डिस्क घासून काढणारे ते काम तिला पेलले नाही, तर जे सहज वाचले असते तेही हातचे जाते.

दुसरा धोका कूटबद्धतेचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात माहिती ठेवण्याचा आहे आणि तो अनेकांच्या गावीही नसतो. पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला असेल तर, डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते. नेहमीच्या वापरात हे जाणवत नाही. पण बायोसमधले (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ प्रोग्राममधले) काही सेटिंग बदलले, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, की निळा पडदा येऊन बिटलॉकरची (विंडोजच्या कूटबद्धतेची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरची माहिती कोणालाही, अगदी विंडोज बनवणाऱ्यांनाही, उघडून देता येत नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. संगणक धडधाकट असतानाच तिथे जाऊन ती आहे ना ते पाहावे आणि कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये शिरण्यापूर्वी तर हे केलेच पाहिजे.

आणि नव्याने सुरुवात करायचीच असेल, तर डिस्क पुसण्याच्या अलीकडचा एक पर्याय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी' या भागात 'रीसेट धिस पीसी' निवडल्यावर 'कीप माय फाइल्स' असे विचारले जाते. त्यात आपल्या फायली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. तरीही फायलींची प्रत आधी घ्यावीच.

खटपट्या

४८ अंकांची गोष्ट मला माहीत नव्हती. माझी की खात्यात सापडली; लिहून ठेवली. फॉरमॅटविषयीचे मत मात्र मी अजून पूर्णपणे मागे घेत नाही.

साखरझोप

माझ्या डेस्कटॉपची तक्रार विचित्र आहे. सकाळी चालू केला, की जवळपास प्रत्येक संकेतस्थळ "तुमची जोडणी खाजगी नाही" असा इशारा देते. मोबाइलवर तीच स्थळे बिनतक्रार उघडतात. व्हायरस असावा का?

तारतम्य

साखरझोप, आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती कित्येक वर्षे मागची दाखवत असेल, तर व्हायरस नाही. मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" अशी मुदत असते. तुमचा संगणक जुन्या वर्षात अडकला असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, म्हणून ब्राउझर प्रत्येकाकडे संशयाने पाहतो.

पडताळा सोपा आहे. तारीख दुरुस्त करा, संगणक बंद करा, पण भिंतीवरचे बटण चालूच ठेवा आणि काही तासांनी पाहा. तारीख बहुधा बरोबर असेल, कारण संगणक बंद असतानाही आत थोडा वीजपुरवठा चालू राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. आता भिंतीवरचे बटणही बंद करून तितकाच वेळ ठेवा. तारीख पुन्हा मागे गेली, तर बॅटरी बदलायलाच हवी. बहुतेक डेस्कटॉपांत सीआर२०३२ या क्रमांकाची ३ व्होल्टची बॅटरी असते. वीज पूर्ण तोडून, धातूच्या एखाद्या उघड्या भागाला हात लावून अंगावरचे स्थितिक विद्युत उतरवावे, लहानशी खीळ बाजूला सारून जुनी बॅटरी काढावी आणि धन चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसवावी. बऱ्याच लॅपटॉपांत मात्र ती तारेने जोडलेली आणि आतवर असते. ते काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

बॅटरी संपलेल्या, विशेषतः जुन्या संगणकांत बायोसची सेटिंग्जही मूळपदावर जातात. डिस्क हाताळण्याची पद्धत किंवा सुरुवात कोणत्या डिस्कवरून करायची तो क्रम बदलला, तर डिस्क ठणठणीत असूनही विंडोज सुरू होत नाही. म्हणून बायोसच्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवा आणि वर जुनीवही यांनी सांगितलेली की हाताशी असू द्या.

साखरझोप

भिंतीवरचे बटण बंद ठेवून पाहिले. तारीख पुन्हा मागे गेली. बॅटरी आणायला निघत आहे. जाता जाता आणखी एक : लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट नाही, असे अधूनमधून होते.

खटपट्या

याचे उत्तर मी देतो. त्या क्षणी मोबाइलवर त्याच वाय-फायने इंटरनेट चालते का ते पाहा. चालत नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नका. दोष राउटरचा किंवा बाहेरच्या जोडणीचा आहे. चालत असेल, तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला मिळालेला आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. वाय-फाय तोडून पुन्हा जोडा, तेवढ्याने न भागल्यास राउटर बंद-चालू करा. पत्ता ठीक असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येते का ते पाहायला छोटा संदेश पाठवा. त्याला उत्तर येते पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, असे दिसल्यास डीएनएस, म्हणजे स्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बिघडला आहे. त्याच सेटिंग्जमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा भरून पाहा. राउटर दोन खोल्या पलीकडे असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झच्या जाळ्याला जोडून पाहा. वेग कमी मिळतो, पण भिंतींतून ते जास्त लांब पोचते.

पैलतीर

वडिलांना पडद्यावरची अक्षरे लहान दिसतात म्हणून मी रिझोल्यूशन (पडद्यावरच्या चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) कमी केले. अक्षरे मोठी झाली, पण सगळेच धूसर दिसते आणि मराठी मजकुरातले रफार, अनुस्वार तर ओळखूच येत नाहीत.

जुनीवही

पैलतीर, रिझोल्यूशन पुन्हा 'रेकमेंडेड' असे लिहिलेल्या आकड्यावर न्या. सपाट पडद्यावर ठिपक्यांची संख्या ठरलेली असते; १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर कमी ठिपक्यांचे चित्र ताणून बसवले, की प्रत्येक कड पसरट होते आणि देवनागरीतले बारीक अवयव सर्वांत आधी बुजतात. त्याऐवजी डिस्प्ले सेटिंग्जमधला 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. ठिपके तेवढेच राहतात आणि अक्षराला जास्त ठिपके मिळतात, त्यामुळे ते मोठे आणि रेखीव दिसते. फक्त मजकूर वाढवायचा असेल, तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'टेक्स्ट साइझ'ची पट्टी आहे, ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते. बदलानंतर एखादा जुना प्रोग्राम धूसर दिसला, तर एकदा साइन आउट करून परत या.

वडील मराठीत लिहीत असतील, तर भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडून द्या. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाबरोबर उच्चारानुसार लिहिण्याचा कळफलकही मिळतो आणि विंडोजची कळ व स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली गेली, तर 'स्टिकी कीज'ची चौकट येते. तिला 'हो' म्हटले, की कळफलक बिघडल्यासारखा वागू लागतो. ज्येष्ठांच्या घरून येणाऱ्या "कीबोर्ड खराब झाला" या तक्रारींत ही शक्यता आधी तपासावी.

पैलतीर

स्केल १५० वर ठेवला, आता छान दिसते. त्याच संगणकावर खालच्या कोपऱ्यात "आपला संगणक संक्रमित झाला आहे" अशा सूचना सतत येतात. मध्ये एकदा पूर्ण पडदा व्यापून फोन नंबरही आला होता. वडील घाबरले आहेत.

तारतम्य

तो नंबर लावू नका आणि कोणाच्याही सांगण्यावरून दुरून संगणक हाताळू देणारा प्रोग्राम टाकू नका. विंडोजच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कोपऱ्यातल्या सूचना बहुतेक वेळा व्हायरसच्या नसून ब्राउझरच्या असतात : कुठल्यातरी स्थळाने "सूचना पाठवू का" असे विचारले आणि 'अलाउ' दाबले गेले. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स'ची यादी उघडा आणि अनोळखी नावे काढून टाका. पूर्ण पडदा व्यापला गेल्यास एस्केप काही क्षण दाबून धरा, तेवढ्याने न सुटल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना आधीचे टॅब परत आणू नका. खात्रीसाठी विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करून घ्या.

निळीशाई

सांगितल्याप्रमाणे पाहिले. मेमरी सत्तर टक्क्यांच्या आसपास, डिस्क शंभरावर आणि 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा वाढता निघाला. फायली आधी उतरवून घेतल्या, मग ५०० जीबीची एसएसडी घेऊन जुन्या ३२० जीबी डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर केली. एकही फाइल गेली नाही आणि सुरू होण्याचा वेळ ओळखू येणार नाही इतका कमी झाला. दोन शंका उरल्या. विंडोज ही डिस्क ४६५ जीबीची दाखवते. आणि सी ड्राइव्ह अजून जुन्याच आकाराचा आहे, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकट दिसतो.

जुनीवही

पहिल्या शंकेत फसवणूक नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, म्हणजे तिच्या लेखी एक जीबी १०७ कोटी ३७ लाखांहून थोडा मोठा. ५०० ला १.०७४ ने भागले, की सुमारे ४६५ उरतात.

'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी ड्राइव्हच्या उजवीकडे पाहा. सी, मग एक लहानसा रिकव्हरीचा (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला) विभाग आणि त्यानंतर मोकळी जागा, असा क्रम असणार. विंडोजचा पर्याय फक्त लगतची मोकळी जागाच जोडून घेतो, म्हणून तो फिकट आहे. विभाग सरकवणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्रामने रिकव्हरीचा तुकडा उजव्या टोकाला न्या, मग 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' उजळेल. हे करताना चार्जर लावून ठेवा.

तारतम्य

एक जोड देतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि तिच्या यादीतला प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप त्या यादीत बसत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी, विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला धक्का न लावता चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तिथे नीट चालतात का, ते विभाग सरकवण्याच्या आधीच पाहून घ्या. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवायच्या ठरल्या, तर मोकळी जागा सी ड्राइव्हला न जोडता तशीच सोडावी लागेल.